वाचकांचे प्रश्न: उजनीतल्या शिडाच्या होडीला मोटार कोणती लावावी?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी टेंभुर्णीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. मुंबईतून १६ फुटी फायबरची जुनी शिडाची होडी आणली आहे. वजन ३०० किलो, पाण्यावरची लांबी १४ फूट. मी आणि पुतण्या असे दोघं ती उजनीत चालवणार. वारा पडला की वल्ही मारत परत येणं आता माझ्या वयाला झेपत नाही, म्हणून मागे लावायची आउटबोर्ड मोटार घ्यायची आहे. ओळखीचे एक जण ८ अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक स्वस्तात देतायत, तिचा शाफ्ट आखूड आहे. पुतण्या म्हणतो, एकदाच खर्च करायचा तर ९.९ ची नवी घ्या. मागच्या फळीची वरची कड पाण्यापासून १३ इंच उंच आहे, हेही कळवतो. तुमचा सल्ला हवा.
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर: गुरुजी, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेला १३ इंचांचा आकडा सगळ्यात मोलाचा आहे. माझं वर्कशॉप अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आहे. शेतीपंप आणि डिझेल इंजिनं हे आमचं रोजचं काम. आउटबोर्ड वर्षातून मोजकेच येतात. पण येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा अश्वशक्ती विचारतो. शाफ्टची लांबी कुणी विचारत नाही, आणि शिडाच्या होडीचं सगळं गणित तिथेच अडतं.

आखूड शाफ्टची मोटार १५ इंची धरतात, लांब शाफ्टची २० इंची. फळीवर जिथे क्लॅम्प आवळतो तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंतचं हे अंतर. तुमची फळी १३ इंच उंच. म्हणजे आखूड शाफ्टची पट्टी पाण्याखाली जेमतेम २ इंच बसणार. धक्क्याला बांधलेल्या होडीत हे चालून जाईल. आता उजनीत लाटा उठल्यात, पुतण्या शीड उतरवायला पुढे डोलकाठीपाशी गेलाय, असं समजा. त्याच्या वजनानं नाक दबतं, मागची बाजू उचलली जाते आणि पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, होडी जागची हलत नाही. शीड खाली आलेलं, सुकाणूला जोर नाही, वारा बाजूनं. मोटारीची खरी गरज त्याच क्षणी असते आणि त्याच क्षणी ती कामाची उरत नाही. तिथे ८ अश्वशक्ती असली काय आणि १५ असली काय, पंखा पाण्यात नसेल तर सगळं फुकट. लांब शाफ्ट घेतलात तर तीच पट्टी ७ इंच खाली राहते.

खरेदीआधी एक माप मात्र पुन्हा घ्या. होडी ट्रॉलीवर असताना नाही, पाण्यात असताना. तुम्ही सुकाणूपाशी बसा, पुतण्याला डोलकाठीपाशी उभा करा आणि फळीच्या कडेपासून पाण्यापर्यंत टेप धरा. १३ चे १५-१६ झाले तर लांब शाफ्टलाही ४-५ इंचच उरतात. मग मोटार थेट फळीवर लावू नका; खाली-वर होणारा ब्रॅकेट बसवून क्लॅम्पची जागाच खाली घ्या. शीड चालू असताना त्याच ब्रॅकेटनं मोटार वर उचलता येते, नाहीतर पंखा पाण्यात लोंबकळून होडीचा वेग खातो.

आता ताकद. तुमची होडी पाणी कापत जाणारी आहे, स्पीडबोटीसारखी पाण्यावर उचलली जाणारी नाही. अशी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरते. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, की वेग नॉटमध्ये मिळतो. तुमच्या १४ फुटांचं वर्गमूळ ३.७४, म्हणजे वेग ५ नॉट, ताशी सव्वानऊ किलोमीटर. यापुढे कितीही ताकद लावा, मागचा भाग खाली बसेल, नाक वर जाईल, पेट्रोल जळेल. वेग तेवढ्यात तेवढाच.

त्या वेगापर्यंत पोचायला साधारण एका टनाला ४ अश्वशक्ती हा जुना हिशोब आहे. होडी ३००, तुम्ही दोघं १५०, शिडं, नांगर, पाणी धरून सगळं ५०० किलो. म्हणजे २ अश्वशक्ती. शांत पाण्यात यावर भागेल.

पण तुम्ही लिहिलंत, वारा पडला की मोटार हवी. गुरुजी, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. वारा पडला तर फार तर उशीर होतो. मोटार निवडायची ती वारा उठल्यावर समोरून येणाऱ्या माऱ्यासाठी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं आभाळ किती झपाट्यानं भरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. २१ मे २०२४ ला करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तुमच्या होडीला तर शीड उतरवलं तरी डोलकाठी आणि दोर असतात, त्यांच्यावर वारा रेटतच राहतो. म्हणून २ वर थांबू नका. ३.५ अश्वशक्ती, फोर-स्ट्रोक, लांब शाफ्ट: माझा सल्ला हाच.

९.९ का नको? तिचं वजन ४० किलोच्या आसपास. मागच्या फळीवर ४० किलो आणि शेजारी सुकाणूवर बसलेला माणूस, एवढा भार ३०० किलोच्या होडीच्या एका टोकाला आला की ती शिडावरही नीट चालत नाही. शिवाय ती उचलून गाडीत ठेवणार कोण? ३.५ ची मोटार १८-१९ किलोची, तुम्ही दोघं हसत हसत काढ-घाल कराल. मधली एक पायरी आहे. काही कंपन्यांच्या ४, ५ आणि ६ अश्वशक्तीच्या मोटारी एकाच १२३ सीसी इंजिनावर बनतात, तिन्हींचं वजन २५-२६ किलो. त्यांना रिव्हर्स गिअर असतो. ३.५ मध्ये बहुधा फॉरवर्ड आणि न्यूट्रल एवढंच, मागे जायला अख्खी मोटारच गोल फिरवायची. उजनीच्या मोकळ्या काठाला ते पुरतं. उद्या होडी मोठी घेतलीत तर ६ चा विचार करा, आज नको.

पंख्याबद्दल विक्रेत्याला मुद्दाम विचारा. मोटारीबरोबर येणारा पंखा बरेचदा हलक्या रबरी बोटीच्या हिशोबानं दिलेला असतो. तुम्हाला कमी पिचचा हवा. उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये ओढतो ना, तसं. कमी पिचचा पंखा एका फेऱ्यात कमी अंतर जातो, पण इंजिनाचा दम न मोडता होडी रेटत राहतो.

आणि उजनी म्हणजे समुद्र नाही. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा सगळं पाणीच पाणी. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की बुडालेली गावं, बांध, बाभळीचे बुंधे वर येऊ लागतात. पळसदेवचं देऊळ वर येतं तेव्हा आपण सगळे फोटो काढायला जातो, पण ते वर येण्याआधी महिनाभर पाण्याच्या जरा खाली असतं, हे होडीवाल्यानं लक्षात ठेवायचं. काठाला शेतकऱ्यांच्या पंपांचे पाइप आणि केबल असतात, मध्ये चिलापीची जाळी. त्यामुळे पुढे जाताना मोटारीचा टिल्ट लॉक करू नका. खाली काही लागलं तर तिला मागे उचलली जाऊ द्या. लहान मोटारींच्या पंख्यात शिअर पिन असते, ती धक्क्याला मोडून गिअर वाचवते. दोन-चार पिना, पक्कड आणि कॉटर पिन डब्यात घालून डबा होडीतच ठेवा. जाळं पंख्यात गुंतलं तर आधी इंजिन बंद, मग हात. ते जाळं कुणाचं तरी पोट आहे, सुरी लावण्याआधी सोडवून बघा.

जलपर्णीचा त्रास वेगळा. मोटार खालून पाणी ओढून थंड होते आणि मागच्या बारीक भोकातून त्याची धार पडते. ती धार दर थोड्या वेळानं बघायची सवय लावून घ्या. थांबली तर इंजिन लगेच बंद करा, जाळीत अडकलेला पाला किंवा प्लास्टिक काढा. आतला रबरी इम्पेलर, म्हणजे हे पाणी ओढणारं चाक, पाण्याशिवाय काही सेकंदांत जळतो, म्हणून अंगणात कोरडी मोटार चालू करून पाहुण्यांना दाखवू नका. पिंपात पाणी भरून त्यात चालवा. एअर-कूल्ड लहान मोटारीही मिळतात, त्यांना हा त्रास नाही. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा.

राहिली ती ८ ची जुनी टू-स्ट्रोक. इंजिन चांगलं असेलही, टू-स्ट्रोक दुरुस्तीला सोपी. पण शाफ्ट आखूड. तो मुद्दा कुठल्याही किमतीत सुटत नाही. सोडून द्या.

मोटार लावली की होडी यांत्रिक जलयान ठरते आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो. जलाशय जलसंपदा विभागाकडे आहे, तेव्हा उजनीच्या कार्यालयात आधी लेखी विचारा, मगच पैसे मोजा. लाइफ जॅकेट दोघांनीही अंगावर घालायचं, फळीखाली ठेवायचं नाही. किल-स्विचची, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी मनगटाला. आणि मोटारीला होडीशी बांधणारा एक जाड दोर हवाच, क्लॅम्पचे स्क्रू कंपनानं सैल होतात.

प्रश्न: आमच्याकडे दोन माणसांची लहान शिडाची होडी आहे. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला पक्षी बघायला जातो. पेट्रोलच्या आवाजानं पक्षी उडतात, म्हणून बॅटरीवरची मोटार घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: हो, तुमच्या कामाला बॅटरीच बरी. फक्त हिशोब घालून घ्या. १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटार पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे पूर्ण जोरात तासभर. बॅटरीचं वजन पुन्हा २५-३० किलो, ती होडीच्या मध्यावर, खाली, झाकलेल्या खोक्यात ठेवा. लिथियमची अंगचीच बॅटरी असलेल्या १,१०० वॅटच्या मोटारी येतात, बॅटरी ९०० वॅट-तासांच्या जवळपास. पूर्ण जोरात पाऊण तास. पण ४०० वॅटवर सावकाश गेलात तर दोन तासांच्या वर चालते. पक्षी बघायला सावकाशच जायचं असतं. शाफ्टचं माप वर गुरुजींना सांगितलं तसंच घ्या. वल्ही होडीत हवीतच, आणि रोहितांच्या थव्याकडे मोटार रोखून जाऊ नका. लांब थांबा, मोटार बंद करा, दुर्बीण काढा.

प्रश्न: ताई, आमच्या मोटारीच्या पुस्तकात १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलचं पेट्रोल वापरू नका असं लिहिलंय. पंपावर तर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. मोटार दोन महिने ठेवली की सुरूच होत नाही.
– एक वाचक, करमाळा

उत्तर: बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि कार्ब्युरेटरला पहिल्यांदा तेच मिळतं. सुरू न होण्याचं कारण बहुधा हे, किंवा बारीक जेटमध्ये साठलेला चिकट थर. जेट काढून साफ करून घ्या. तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं. कंपनीला तुमच्या मॉडेलचं नाव देऊन ई-२० बद्दल लेखी विचारा. तोवर एका फेरीपुरतंच ताजं पेट्रोल भरा. घरी परतायच्या आधी, मोटार पाण्यात असतानाच, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. उरलेलं पेट्रोल स्कूटरमध्ये ओता. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवता आला तर बसवा, आणि जुन्या रबरी नळ्या बोटांनी दाबून बघा. मऊ किंवा चिकट लागल्या तर लगेच बदला. फोर-स्ट्रोक असेल तर गाडीत आडवी ठेवताना पुस्तकात सांगितलेल्या कुशीवरच ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी दोरी ओढून हात दुखतात.