साठवणं वेगळं, साचणं वेगळं : 'चार्ज'ला मराठीत काय म्हणावं?

चोपड्याच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारलंय : उपग्रहांवर अवकाशात 'चार्ज' जमतो, त्यावर मुलांसाठी लिहिते आहे. विद्युतभार म्हणू, आवेश म्हणू की प्रभार? आणि 'चार्जिंग'ला काय?

ताई, 'आवेश' मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या हिंदी शाळेत शोभतो; आपल्याकडे आवेश वक्त्याला येतो. 'विद्युतभार' चुकीचा नाही, पण आपल्या पोरांना 'भार' म्हटलं की भारनियमन आठवतं, आणि तिथे भार म्हणजे लोड. शाळेच्या पुस्तकातला 'प्रभार'च घ्या. धनप्रभार, ऋणप्रभार, प्रभारित, सगळी रूपं सहज होतात.

खरी अडचण 'चार्जिंग'ची आहे. मोबाइल चार्जिंगला लावतो तेव्हा आपण हेतूने ऊर्जा साठवतो. उपग्रहाचं तसं नाही. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाभोवती विरळ प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि धन आयन यांचा वायू, असतो. त्यातले इलेक्ट्रॉन हलके आणि वेगवान, म्हणून धन आयनांपेक्षा तेच जास्त येऊन आदळतात. ऊन असेपर्यंत पृष्ठभागातूनही इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि तोल सावरतो. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की हे सुटणं थांबतं. त्यात भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठलेली खळबळ असेल, तर पृष्ठभाग उणे हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. हे कुणी साठवलेलं नसतं. वाट नाही म्हणून राहिलेलं असतं. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : साचणं. धान्य साठवतात, डबक्यात पाणी साचतं. म्हणून 'प्रभार साचणे' लिहा.

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या एका कारखान्यात हिवाळ्यात गेलो होतो. प्लास्टिकच्या पट्ट्यांजवळ मनगट नेलं आणि केस ताठ उभे राहिले. यंत्रावरचा भाऊ म्हणाला, "हात लावा का करंट मारस." किती बरोबर बोलला! तोवर प्रभार नुसता साचलेला. हात लागला, 'चट्' झालं, तेव्हा कुठे करंट वाहिला. उपग्रहावरही रोधक, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या पदार्थांत हेच होतं. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तर कवच भेदून आतल्या तारांच्या आवरणात, सर्किटच्या पाट्यांत साचतात आणि ठिणगी आतच पडते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे अनिक ई-१ आणि ई-२ हे दोन्ही उपग्रह काही तासांच्या अंतराने भरकटले, त्यामागे असंच आत साचणं होतं असं मानलं जातं. तुमच्या लेखात 'पृष्ठभागी साचणे' आणि 'आत साचणे' असे दोन्ही प्रकार वेगळे दाखवाच.

आणि 'अर्थिंग' मात्र जपून वापरा. पोरांनी घरामागचा खड्डा पाहिलेला असतो, मीठ-कोळसा घातलेला, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतलेला. अवकाशात ती माती कुठून येणार? तिथे वीजवाहक लेप देऊन सगळे भाग उपग्रहाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडतात, म्हणजे दोन भागांत व्होल्टचा फरकच उरत नाही आणि ठिणगी पडत नाही. त्यामुळे 'भूसंपर्कन' नको, सरळ 'सांगाड्याला जोडणे' लिहा.