“माझ्या हातातच कला नाही”

रेखाटन शिकायला घेतलेल्या मोठ्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मला पाठ आहे: “आमच्या घराण्यातच नाही.”

त्यातल्याच एक बाई बँकेत अधिकारी, वय 46. दोनदा क्लास सोडलेला, कागद फाडलेले. दुसऱ्या भेटीत मी समोरची लाकडी खुर्ची काढायला सांगितली. दोन मिनिटांत झाली. बैठक चौकोनी, चारही पाय एकाच मापाचे.

“बघा, म्हटलं नव्हतं?”

“काढताना खुर्चीकडे किती वेळा पाहिलंत?”

त्या गप्प. मी मोजलं होतं, तीनदा. रोज शेकडो कागदांवर तीच वळणदार सही करणारा हात अडाणी कसा असेल? खुर्ची कशी असते हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ती बघायची राहून जाते.

“आता खुर्ची काढूच नका. पायांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या काढा.” खोडरबर मी काढून घेतला.

वीस मिनिटं शांतता. एक तिरपा चौकोन उमटला, शेजारी निमुळती फट. ती फट जुळली आणि मागचे पाय आपोआप आखूड झाले. त्यांनी मान वर केली. “अहो, मागचे पाय खरंच आखूड दिसतात!”

पूर्वी मी अशांचा आत्मविश्वास वाढवायच्या मागे लागायचो. चुकत होतो. शाबासकीवर त्यांचा विश्वासच बसत नाही; त्यांना मोजता येईल अशी चूक लागते. “मला येत नाही” हा निकाल झाला, त्याचं काही करता येत नाही. “पाय बोटभर लांब झाला” हे निरीक्षण, ते दुरुस्त होतं. (हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, त्या खुर्चीनं शिकवलं.)

म्हणून सांगतो: पेन्सिल धरलेला हात वस्तूच्या दिशेनं ताठ धरा, एक डोळा मिटा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घ्या. चेहरा काढताना डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवशिके ते हमखास वर नेतात. कागद फाडू नका, तारीख घाला, खाली एकच चूक लिहा. उपजत प्रतिभेचा दाखला म्हणून व्हॅन गॉगचं नाव निघतं, पण त्यानं चित्रकार व्हायचं 1880 मध्ये, 27व्या वर्षी ठरवलं. छापील नमुने गिरवले, पुढे मापासाठी दोऱ्या ताणलेली चौकटही वापरली.

चार महिन्यांनी त्या वही घेऊन आल्या. एका चेहऱ्याखाली बारीक अक्षरात शेरा होता: “डावा कान अर्धा सेंटिमीटर वर.”

मला तो कान ठीकच वाटला होता.