शेंगांवरची हिरवट बुरशी

प्रश्न : ऑगस्टनंतर पावसानं ओढ दिली. भुईमूग काढला तर काही दाण्यांवर पिवळट-हिरवी भुकटी. भाजून खाल्ले, पेंड म्हशीला घातली तर चालेल? – एक वाचक, सांगोला

उत्तर : ताई, नाही चालणार. ही बहुधा अस्परजिलस फ्लेव्हस. शेंगा भरताना शेवटचे ३-४ आठवडे पाण्याचा ताण पडला, माती तापली की दाण्याची स्वतःची प्रतिकारशक्ती ढासळते आणि ही बुरशी जमिनीतच आत शिरून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजल्यानं ते पुरतं जात नाही. घाण्यावर बरंचसं पेंडीत उतरतं, तिथून म्हशीच्या दुधात. घरात लहान मूल असेल तर जीव तुटतो हो माझा!

१९७४ साली राजस्थान-गुजरातच्या बांसवाडा-पंचमहाल भागात काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, मका भिजला आणि त्यात हेच विष तयार झालं. तो खाऊन शंभरावर माणसं यकृताच्या आजारानं दगावली.

सुरकुतलेले, फुटके, काळपट दाणेही बाजूला काढा आणि जाळा. जनावरांना, कोंबड्यांना नको. उरलेल्या शेंगा ताडपत्रीवर वाळवा, कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत. पुढच्या वर्षी जमलं तर शेंगा भरताना एक पाणी द्याच.