'तरच' मधला च

जून-जुलैत प्रवेशांचे निकाल लागले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांच्या तोंडी एकच वाक्य असतं. "मॅडम, जेजे नाही मिळालं, एनआयडी नाही मिळालं. आता या छोट्याशा विद्यापीठात शिकून काय उपयोग?" जेजे म्हणजे मुंबईची सर जे. जे. ही नामांकित कलासंस्था, एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था. पालकांचा सूर थोडा वेगळा असतो. पण भीती तीच. यंदा हे इतक्यांदा ऐकलं, की एका मुलीबद्दल लिहावंसं वाटलं. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी कराडकडची. एका लहान खासगी विद्यापीठात कम्युनिकेशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला, वर्गात सोळा मुलं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड. लहानपणापासून घरात ठरलेलं, ही जेजेला जाणार. ते झालं नाही. दिवाळीनंतर तिनं वर्गात जाणं जवळजवळ सोडलं. रात्री दोन-दोनपर्यंत मोठ्या संस्थांतल्या मुलांची कामं इन्स्टाग्रामवर बघत बसायची आणि सकाळी उठायची नाही.

पहिल्या भेटीला वडील सोबत होते. साखर कारखान्यात नोकरी, माणूस प्रेमळ. म्हणाले, "मी हिला सारखं सांगतो, आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते? स्वतःच शिकले ना?" बाबूराव म्हणजे मूकपटांच्या काळातले थोर चित्रकार-दिग्दर्शक. मुलीनं खाली बघितलं. तिला त्यातून धीर मिळत नव्हता. जेजे हुकलं ते हुकलंच, वर आता बाबूराव पेंटर व्हायचं ओझं. थोरांची उदाहरणं आपण फार सढळ हातानं देतो. खचलेल्या मुलाच्या कानात त्यांची मागणी होते. मी वडिलांना तेवढं एक थांबवायला सांगितलं, आणि त्यांनी खरंच थांबवलं.

पुढच्या दोन भेटी मी फारसं समजावलं नाही. लहान संस्थाही चांगली असते, असं मी म्हणाले असते तर तिनं दहा पुरावे देऊन मला खोटं पाडलं असतं. त्यातले चार खरेही निघाले असते. ग्रंथालय अपुरं होतं. उद्योगात काम करणारे माजी विद्यार्थी मोजकेच होते. हे मी तिच्याजवळ मान्य केलं.

चौथ्या भेटीत तिच्या पिशवीतून बोरू, म्हणजे अक्षरलेखनाची वेताची लेखणी, डोकावत होता. देवनागरी अक्षरलेखनाची असाइनमेंट अपुरी राहिली होती. मी कोरा कागद पुढे केला. "रात्री डोक्यात जे वाक्य फिरतं, ते लिही. घाई नाही." ती अर्धा तास लिहीत होती. कलमाचा कोन सांभाळत, शिरोरेषा जुळवत. त्या अर्ध्या तासात तिचा चेहरा मी पहिल्यांदा शांत बघितला. कागदावर होतं:

'मला जेजेलाच प्रवेश मिळायला हवा होता. तरच मी डिझायनर झाले असते.'

मी दोन बोटांनी दोन्ही 'च' झाकले. "आता वाच."

"मला जेजेला प्रवेश मिळायला हवा होता. तर मी डिझायनर झाले असते." ती थांबली. पुन्हा मनात वाचलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं?"

"आता नुसतं वाईट वाटतंय मॅडम."

"आणि आधी?"

"आधी संपल्यासारखं वाटायचं."

गेली अनेक वर्षं मी हे काम करते आहे, पण या एका अक्षराचं वजन मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. इच्छा आणि हट्ट यांच्यामधली भिंत मराठीत एका 'च'एवढी आहे. इच्छा पुरी झाली नाही तर दुःख होतं, ते व्हायलाच हवं आणि ते ओसरतं. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस स्वतःलाच मोडीत काढतो. 'तर' म्हणजे एक दार. 'तरच' म्हणजे ते सोडून बाकी सगळी दारं बंद. ती बंद कुणी केली? जेजेनं नव्हे, आणि तिच्या विद्यापीठानंही नव्हे.

वाईट वाटणं मी थांबवलं नाही. ते तीन-चार आठवडे राहिलं. मग आम्ही कामाचं बोलू शकलो.

तुमच्या घरी असं मूल असेल तर आधी खरी काळजी बाजूला काढा. पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, शिक्षक स्वतः काम करतात का, स्टुडिओ संध्याकाळी उघडा असतो का, हे स्वतः जाऊन बघा. उत्तरं नकारार्थी असतील तर संस्था बदलण्याचा विचार जरूर करा. ती रास्त काळजी आहे. उत्तरं बरी असतील तर मुलाला विचारा, सोळाच्या वर्गात शिक्षक तुझ्या टेबलापाशी किती वेळ थांबतात? या मुलीनं मोजलं. एका अक्षराच्या गाठीवर सर वीस मिनिटं बोलले होते.

जे कमी आहे ते भरून काढता येतं. कोल्हापूर किंवा कराडहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी सीएसएमटी. तिथून जेजेचं आवार पायी अंतरावर, आणि पुढे काळा घोड्याला १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी. सातारा जिल्ह्यातच औंधला तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं संग्रहालय आहे, तिथं रविवर्म्याची मूळ चित्रं भिंतीवर आहेत. आणि पुढचं शिक्षण मोठ्या ठिकाणी घ्यायचं असेल तर आयआयटी मुंबई घेते ती सीड, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा आहे. तिला वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. हे ऐकून कित्येक पालकांच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मी बघितला आहे.

गेल्या महिन्यात ती शेवटची येऊन गेली. कराडातल्या जुन्या दुकानांच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांची मोजमापं घेऊन तिनं अक्षरं कागदावर उतरवली आहेत, एका पाटीतला 'ळ' तर फार देखणा. मी विचारलं, "सीड देणार का?"

"देणार आहे मॅडम. मिळालं तर आवडेल."

मी ते वाक्य ऐकलं आणि काही बोलले नाही. पावणेसहा झाले होते, तिची एसटी सहाची होती.