‘डिबुक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘ज्यू लोककथेवरचा एक भयपट पाहिला. त्यातल्या डिबुकला मराठी उपशीर्षकांत कुठे सैतान, कुठे राक्षस म्हटलं होतं. हे बरोबर आहे का? नसेल तर मराठीत कोणता शब्द बसेल? आणि उच्चार डिबुक की डिब्बुक?’

सैतान आणि राक्षस हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. डिबुक हा मेलेल्या माणसाचा आत्मा. राक्षसजातीसाठी हिब्रूत ‘शेद’ हा वेगळा शब्द आहे, अनेकवचन ‘शेदिम’. सैतान हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याचं हिब्रू भावंड ‘सातान’, म्हणजे विरोधक, आडवा येणारा. डिबुक मात्र आसरा शोधत फिरतो. पापं इतकी की नरकाचं दारही त्याला बंद, मागे शिक्षा करणारे देवदूत लागलेले, म्हणून तो जिवंत माणसाच्या देहात शिरतो. गालिलातल्या त्सफात गावात ज्यू गूढवादी इसहाक लुरिया (१५३४–१५७२) आणि त्यांचे शिष्य हायिम विताल यांनी आत्म्यांच्या भ्रमणाचा विचार, म्हणजे ‘गिलगुल’, विस्ताराने मांडला आणि अशा समजुतींना चौकट मिळाली. ‘दिबूक’ (डिबुकचं मूळ हिब्रू रूप) हा शब्द रुळला त्यानंतर, सतराव्या शतकात. त्याआधी नुसतं ‘रुआख राआ’, दुष्ट आत्मा, म्हणत.

शब्दाची खरी गंमत धातूत आहे. द-ब-क म्हणजे चिकटणं. आजच्या हिब्रूत डिंकाला ‘देवेक’ म्हणतात, तो याच धातूचा. ‘दिबूक’ म्हणजे मुळात चिकटण्याची क्रिया. पुढे चिकटणाऱ्यालाच ते नाव पडलं. याच धातूचं ‘देवेकूत’ म्हणजे ईश्वराला बिलगून राहणं, भक्ताची परमावस्था. आणि बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडून बायकोशी एक होतो, तिथलं क्रियापदही हेच. मराठी बायबलात ते ‘आपल्या स्त्रीशी जडून राहील’ असं उतरलं आहे. हे भाषांतर मला फार आवडतं. कारण मराठीत प्रीती जडते, रोग जडतो आणि व्यसनही जडतं. बिलगण्याच्या गोड आणि घातक अशा दोन्ही बाजू एका क्रियापदात मावतात, अगदी हिब्रूसारख्या.

दुसरं क्रियापद आहे ‘लागणे’. भूत लागतं, नजर लागते, वेड लागतं. हे संस्कृत ‘लग्’पासूनचं, म्हणजे चिकटणं, आणि ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा. विवाहाचा अर्थ त्याला ज्योतिषातल्या लग्नावरून मिळाला असला तरी मूळ एकच. आपण ‘लग्न लागलं’ म्हणतो आणि ‘भूत लागलं’ही म्हणतो.

हे नुसतं शब्दांचं साम्य नाही, हे आन्स्की या ज्यू लेखकाच्या नाटकावरून कळतं. आन्स्कीने १९१२ ते १९१४ या काळात व्होल्हिनिया आणि पोडोलिया या आजच्या युक्रेनमधल्या भागांतल्या ज्यू गावांत फिरून लोककथा आणि गाणी गोळा केली होती. त्याचं ‘दिबूक’ हे नाटक डिसेंबर १९२० मध्ये वॉर्सात यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, रंगमंचावर आलं, त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरात. पुढे १९३७ मध्ये पोलंडमध्ये त्यावर यिद्दिश चित्रपटही निघाला. नाटकात लेआचं लग्न श्रीमंताघरी ठरतं आणि ते ऐकून खोनेन हा गरीब विद्यार्थी कोसळून मरतो. लग्नाच्या मांडवात लेआ नवरदेवाला दूर लोटते, ‘तू माझा नवरा नव्हेस’ म्हणते, आणि मग तिच्या तोंडून पुरुषाचा आवाज येतो. दोघांच्या बापांनी मुलं जन्मायच्या आधीच सोयरीक ठरवलेली होती, म्हणजे चिकटणारा तिचा खरा वर! इथे ‘सैतान’ हा शब्द घातला की नाटकाचा जीवच जातो.

डिबुक काढण्याचा विधीही याला धरूनच आहे. रब्बी दहा पुरुषांना घेऊन बसतो, शोफार हे शिंग फुंकतात, आणि आत्म्याला नाव-गाव विचारतात, इथे का आलास ते विचारतात. आपल्याकडे घुमणाऱ्याला ‘कोण तू? कुठला? काय पाहिजे?’ विचारतात, तसंच. आत्म्याला बाहेर काढायचं आणि त्याला गतीही मिळवून द्यायची. तिथला शब्द ‘तिक्कून’, दुरुस्ती. निघताना तो बहुधा पायाच्या करंगळीतून जातो, असं जुन्या कथांत येतं.

मग मराठी नाम कोणतं? ‘समंध’ मोहात पाडतो, कारण तो ‘संबंध’चाच बोलीतला आकार, म्हणजे तिथेही बांधलं जाणं आहेच. पण समंध म्हटलं की मालमत्तेत किंवा पुरलेल्या ठेव्यात जीव अडकलेला ब्राह्मण डोळ्यांसमोर येतो. मुंजा म्हटलं की पिंपळ येतो. ज्यू गावातल्या गोष्टीत हे दोघे उपरे वाटतील. म्हणून नाम हिब्रूच ठेवावं आणि क्रियापद मराठी घ्यावं. ‘झपाटणे’त झडप आहे, ‘पछाडणे’त पाडणं आहे, ‘अंगात येणे’ हे देवीसाठी राखलेलं बरं. इथे चिकटणं हवं.

उच्चार: हिब्रूत पहिलं अक्षर ‘द’ला जवळचं, म्हणून ‘दिबूक’, यिद्दिशमध्ये ‘दिबेक’च्या आसपास. ‘डिबुक’ आपल्याकडे इंग्रजीमार्गे आलं, आणि २०२१ च्या हिंदी चित्रपटाने ते घरोघरी नेलं. बोलताना ते चालेल. लिहिताना मी ‘दिबूक’ लिहीन, पुल्लिंगी, आणि उपशीर्षकात एवढंच: ‘तिला दिबूक लागलाय.’