नागपूर–पुणे : नकाशावरचे अंतर आणि तिकिटावरची वेळ

नागपूर ते पुणे हे अंतर संगणकावर मोजले तर 605 किलोमीटर येते, ते बरोबरच आहे. पण ते दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर आहे, आणि भुसावळ-मनमाडमार्गे जाणारी रेल्वे याच दोन शहरांसाठी 880 किलोमीटरांच्या आसपास धावते, हे लक्षात ठेवावे. हेच हवाई अंतर काही ठिकाणी 327 असे दिसले तर गोंधळू नका, कारण ते सागरी मैलांत असते आणि एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

खरी गफलत वेळेत होते. ताशी 800 किलोमीटरने भागाकार केला की पाऊण तास येतो, तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ छापलेला असतो. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. तीत धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण आणि उतरण्यासाठीची प्रतीक्षा हे सारे आले. एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते. शिवाय पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ असल्याने तिथे नागरी विमानांना स्वतःच्या सोयीने येता-जाता येत नाही. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे पुण्याकडे जाताना समोरून येतात, त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा थोडा लवकर आटोपतो.

पुढची गाडी गाठायची असेल, तर हिशेब छापील वेळेवरूनच करावा आणि सामान पट्ट्यावर येण्यासाठी अर्धा तास वेगळा धरावा.