ट्रेलर नसलेली जुनी शिडाची बोट घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत राहता, जवळच्या गावात कुणीतरी जुनी ओ'डे 'डे सेलर' 700 डॉलरला विकतंय, शिडं, डोलकाठी, सुकाणू सगळं आहे, फक्त ट्रेलर (गाडीमागे बोट ओढून न्यायचा चाकांचा गाडा) नाही, तर घ्यावी का?

बोट जरूर बघायला जा, पण ट्रेलरची सोय झाल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रेलर काय, नंतर बघू, असं म्हणून घेतलेली बोट बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या अंगणातून निघून घेणाऱ्याच्या अंगणात पडते, आणि तिथेच दोन-तीन हिवाळे काढते. डे सेलरचं असं व्हावं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नवशिक्यासाठी याहून चांगली बोट शोधावी लागेल. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज ओ'डे आणि इंग्लंडचा उफा फॉक्स यांनी तिचा आराखडा केला. तशा दहा हजारांवर बोटी बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. लांबी 16 फूट 9 इंच, चार माणसं आरामात बसतात, आणि सेंटरबोर्ड (बोटीच्या तळातून पाण्यात खाली सोडायची फळी) वर घेतला की वीतभर पाण्यातही तरंगते.

मात्र नुसत्या बोटीचं वजन 575 पौंड आहे, म्हणजे जवळपास 260 किलो. सगळा निर्णय या आकड्यावर ठरतो. हीच बोट सनफिश किंवा लेझर या छोट्या, हलक्या शिडाच्या बोटींपैकी असती तर मी म्हटलं असतं, ट्रेलर विसरा, आजच उचला. त्या दोन्हींचं वजन साठ किलोच्या आत-बाहेर असतं. दोघांनी उचलून, उलटी करून गाडीच्या टपावरच्या रॅकवर बांधता येते, पुढून आणि मागून दोरी ताणली की झालं. (टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहा, आणि जुनी सनफिश असेल तर ती खरंच साठ किलोची उरली आहे का तेही. तिच्या पोटातला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि बोट बरीच जड होते. न्हाणीघरातला वजनकाटा सोबत न्या.) डे सेलरचं तसं नाही. ती प्रत्येक वेळी चाकांवरूनच पाण्यात जाणार.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: ट्रेलर गेला कुठे? 'दुसऱ्या बोटीसाठी ठेवून घेतला' किंवा 'बोट कायम तळ्यात बोयाला (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असायची' ही ठीक उत्तरं आहेत. 'गंजून मोडला' असं ऐकलंत तर पुढचं विचारा: मग गेली काही वर्षं बोट कशावर ठेवली होती?

हे मी मुद्दाम सांगतोय. ट्रेलर नसलेली बोट कुठेतरी टेकलेली असणारच, आणि जिथे टेकलेली असते तिथेच तिचं नुकसान होतं. सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर ठेवली असेल तर सगळा भार दोन ठिकाणी येतो. फायबरग्लास हळूहळू आत दबतं, कधी बारीक चिरा पडतात. त्यामुळे टॉर्च घेऊन खाली वाका आणि प्रत्येक टेकूच्या भोवतीचा भाग हाताने दाबून बघा. हाताखाली आत-बाहेर होत असेल तर तो भाग कमजोर झालाय. थेट जमिनीवर असेल तर एक बाजू उचलायला लावा. तेवढंही करायला विकणारा तयार नसेल तर परत फिरा.

मग सेंटरबोर्डची पेटी बघा, म्हणजे बोटीच्या मधला तो खण, ज्यात ती फळी वर येऊन बसते. पावसाचं पाणी तिथे साचतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना फुगतं आणि सांधे उकलतं. बोर्ड खाली-वर सहज होतोय का, पेटीच्या बुडाशी आतून डाग किंवा चीर आहे का, हे पाहिल्याशिवाय उठू नका. डेकवर (बोटीच्या वरच्या पृष्ठभागावर) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज मध्येच बोदा झाला तर आतलं लाकूड कुजलंय. डोलकाठीच्या तळाशी, जिथे अॅल्युमिनियमला स्टीलचे रिव्हेट मारलेले असतात, तिथे पांढरी पूड दिसते का पाहा, ती धातू झिजल्याची खूण. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांवरून फडकं फिरवा. अडकलं तर तार तुटायला लागलीय. शिडाच्या शिवणीवर नख ओढा. धागा सुटला तर ऊन खाऊन तो संपलाय.

आता ट्रेलर. इथे छोटा नवा ट्रेलर हजार-दीड हजार डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, म्हणजे तो तुमच्या बोटीपेक्षा महाग पडणार. सगळ्यात स्वस्त वाट माझ्या मते अशी: कुणाच्या तरी आवारात पडलेली, मोडलेली सोळा-सतरा फुटी मोटरबोट शोधा, जिच्याखाली धड ट्रेलर आहे. अशा बोटी मालकांना नकोशा झालेल्या असतात आणि किरकोळ किमतीत जातात. पण ते भंगार टाकायलाही पैसे पडतात, तेव्हा आधी कचरा डेपोत फोन करून दर विचारा. जेट-स्कीचा ट्रेलर स्वस्तात दिसेल. तो सनफिशला चालतो, डे सेलरला आखूड पडतो.

जुना ट्रेलर घेताना चौकटीच्या नळ्या हातोडीने ठोकून बघा, कारण समुद्रात बुडवलेला ट्रेलर आतून गंजतो आणि वरचा रंग तसाच राहतो. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदला. बेअरिंगमध्ये नवीन ग्रीस भरून मगच पहिली फेरी करा. वीस मैलांवर थांबून चाकाच्या मध्याला हात लावा, चटका बसला तर पुढे जाऊ नका. स्प्रिंगही पाहा. जास्त वजनासाठी बनवलेला ट्रेलर हलक्या बोटीखाली खड्ड्याखड्ड्याला उसळतो आणि मार बोटीला बसतो. बोटीचा मुख्य भार तिच्या तळाच्या मधल्या कण्यावर हवा, ट्रेलरच्या बाजूच्या फळ्या फक्त तोल धरायला, आणि मागचं टोक अधांतरी राहता कामा नये. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर यावा. तो कमी झाला की ट्रेलर मागे डोलायला लागतो. बोट, सामान आणि ट्रेलर मिळून हजार पौंडांच्या आसपास जातं, तेव्हा तुमची गाडी एवढं ओढू शकते का ते पुस्तिकेत आधी पाहा.

जमिनीवरची बोट ट्रेलरवर चढवायची काळजी करू नका. कोकणात मच्छीमार ओंडक्यांवरून होडी ओढतात, तेच तंत्र. पुढचं टोक जॅकने उचला, खाली जाड पीव्हीसी पाइपचे तुकडे सारा, ट्रेलर मागे आणून विंचने (ट्रेलरच्या पुढच्या हातरहाटाने) सावकाश ओढा. मंडळातले सहा-आठ मित्र आले तर एका सकाळचं काम आहे, फक्त बोटीखाली कुणी पाय घालू नये. ट्रेलर फक्त घरी आणण्यापुरता हवा असेल तर सपाट पाठीच्या टोइंग ट्रकवाल्यालाही विचारून बघा. डोलकाठी बोटीहून लांब आहे, तेव्हा मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधा.

कागदपत्रांत आळस नको. न्यू जर्सीत बारा फुटांपेक्षा लांब बोटीला टायटल (मालकीचा सरकारी दाखला) लागतं, आणि ट्रेलरची नोंदणी आणि नंबरप्लेट वेगळी. नोव्हेंबर 1972 नंतरच्या बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. तो टायटलवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून बघा. टायटल हरवलंय, नंतर पाठवतो, असं म्हणणाऱ्याला ते मिळाल्यावरच पैसे द्या.

किमतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बोट निरोगी निघाली तरी ट्रेलरशिवाय 700 जास्त आहेत. धड ट्रेलरसकट मिळणाऱ्या डे सेलरचे आजूबाजूचे भाव बघा, त्यातून तुम्हाला पडणाऱ्या ट्रेलरचा खर्च आणि आणण्याचा खर्च वजा करा, उरेल तेवढंच बोला. घाईही करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्यांना आणखी एक हिवाळा बोट सांभाळायची नसते ते भाव उतरवतात, आणि त्यातल्या काहींच्या बोटीखाली ट्रेलर असतो.